दुहेरी तळाची पेटी

मी पेटी बोलतेय. पत्र्याची, हातभर उंच, वर झाकण, झाकणात कागद जाईल एवढी चीर. मला घाबरट म्हणा, माझी ना नाही. जिच्या पोटात कोणीही उठून हात घालतं, तिनं घाबरायचं नाही तर काय करायचं?

उद्या सकाळी दहा वाजता माझ्यात पुन्हा हात जाणार आहे. त्याआधी काय ते सांगून टाकते. उद्यानंतर मला कोणी विचारेलच असं नाही.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. छपराच्या उरलेल्या पत्र्यातून त्यानं मला कापली. तळ लावला तर तो पातळ निघाला, अंगठ्यानं दाबला की आत जायचा. मग त्यानं त्याच्यावर दुसरा तळ बसवला. तीन बाजू डाख देऊन नीट झाळल्या. चौथ्या बाजूला मागचा डावा कोपरा राहिला, तेवढ्यात नगरपालिकेचा कारकून मला न्यायला दारात हजर. पत्रेवाला म्हणाला, "न्या हो, कागदच तर ठेवायचेत, पाणी थोडंच भरायचंय?"

तर अशी मी दोन तळांची बाई. दोन तळांच्या मधे बोटभर लांब फट. बाहेरून दिसत नाही, आतून डोकावलं तरी दिसत नाही. बोट फिरवलं तरच कळते.

दुकानासमोर भंगारवाला होता. माझ्यासारख्याच जुन्या पेट्या तो हातोड्यानं चपट्या करायचा. जन्मल्या जन्मल्या मी ते ऐकलं, आणि तेव्हापासून भंगार म्हटलं की माझं झाकण थरथरतं.

नगरपालिकेत मला जिन्याखालच्या भिंतीवर टांगली आणि अंगावर लाल रंगात लिहिलं, तक्रारपेटी. तिथं मी माणसं बघितली. तक्रार करायला आलेला माणूस आधी दोन्हीकडे बघतो. मग कागद आत ढकलतो आणि लगेच भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करतो, जसा काही वेळ बघायलाच आला होता. नळाला पाणी नाही म्हणून लिहिणारासुद्धा चोरासारखा यायचा. सही शंभरात दहांची.

वर्षातून एकदा कारकून मला उघडायचा, पालथी करायचा, कागदांचा गठ्ठा बांधून कपाटावर टाकायचा. वाचायचं कोणी नाही. पुढं किल्ली हरवली, तेही बंद झालं.

किल्ली हरवायच्या आधीची गोष्ट. एका दुपारी एक बाई आली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात पुरुषी बूट. टेकडीवरच्या शाळेचं फाटक उघडणारी-लावणारी होती ती. सगळा गाव तिला फाटकवाली म्हणायचा. ती कालव्यापलीकडच्या वस्तीत राहायची. वस्तीतली शाळा दुसरीपर्यंत. पुढं शिकायचं तर टेकडीवर, आणि टेकडीवर घ्यायचे ते शिफारसपत्र बघून, आईबापांची मुलाखत घेऊन. म्हणजे ज्या फाटकातून ती रोज पाचशे पोरं आत सोडायची, त्यातून तिची स्वतःची लेक जाऊ शकत नव्हती.

लेक बरोबरच होती, आठ वर्षांची. माझ्या अंगावरची अक्षरं तिनं बोट ठेवून वाचली. जोडाक्षरावर अडखळली, मग जमलं, आणि आईकडे बघून हसली. आईनं कागद आत टाकला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर, मोठं मोठं, ओळ खाली घसरणारं. तिनं मात्र ना इकडं बघितलं ना तिकडं. घड्याळाकडेही नाही. खाली ठसठशीत सही केली होती.

तो कागद घसरत घसरत माझ्या त्या फटीत गेला. मी पालथी झाले तेव्हा बाकीचे कागद पडले, हा राहिला. पायात काटा मोडून राहावा तसा एकोणीस वर्षं माझ्या अंगात राहिला. लेक मात्र घरी बसली. पुढं शिवणाच्या कारखान्यात लागली, लग्न झालं, नवरा दोन वर्षांत सोडून गेला, एक मुलगी घेऊन आईकडे परत आली. हे सगळं मला नंतर कळलं.

एकोणीस वर्षांनी फाटकवाली निवडून आली. वस्तीतून उभं राहायला कोणी तयार नव्हतं, ही राहिली. गावातल्या निम्म्या लोकांसाठी तिनं कधी ना कधी फाटक उघडलेलं, उशिरा आल्यावरसुद्धा. त्याची आठवण लोकांनी ठेवली असावी.

पहिल्याच सभेत ती म्हणाली, जिन्याखालची पेटी उघडा. सगळे हसले. कोणी म्हणालं, बाई, आत झुरळं निघतील. कुलूप तोडलं. वरवर धूळ आणि चार पिवळे कागद. माझी तर बोबडी वळली होती, आता रिकामी म्हणून मला भंगारात घालणार. पण तिनं आत हात घातला, तळावरून बोटं फिरवली, मागच्या डाव्या कोपऱ्यात थांबली आणि चिमटीनं कागद ओढून काढला.

उभ्या उभ्या तिनं तो वाचला. माझी मुलगी हुशार आहे, तिला तिसरीत घ्या, फी मी पगारातून कापून देईन, एवढंच होतं त्यात. अध्यक्षांनी विचारलं, कोणाचं पत्र आहे हे?

"माझं," ती म्हणाली. "उत्तराची वाट बघतेय."

त्या दिवशी सभेत पुढं कोणी हसलं नाही.

मग तिनं ठराव आणला. टेकडीवरची शाळा नगरपालिकेच्या जमिनीवर उभी आहे, तर पहिलीच्या साठ जागा साऱ्या गावाच्या पोरांना खुल्या करा. शिफारस नको, मुलाखत नको. सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकायच्या आणि सोडत काढायची. ज्याची चिठ्ठी निघेल तो आत. दोन वर्षं तिनं हा ठराव खांद्यावर वाहिला. स्वतःच्याच पक्षातले म्हणायचे, बाई, जरा दमानं घ्या. ती म्हणायची, दमानं घेतलं म्हणून तर माझी पोरगी मशीनवर बसली.

तेव्हा मी तिच्या खोलीत टेबलाखाली असायची. झाकणाला नवं कुलूप बसवलं होतं. लोक चिरीतून अर्ज टाकायचे. एका दुपारी खोलीत कोणी नसताना दोन पाय आले, चकचकीत बुटांचे. चिरीतून काहीतरी पडलं. पेटती काडी. अर्ज पेटले. माझा पत्रा तापला, आतला धूर चिरीतून बाहेर यायला लागला, आणि मला ओरडता येत नाही. झाडूवाल्या बाईनं वास घेतला म्हणून वाचले. तिनं बादलीभर पाणी ओतलं. आत अजून काळा डाग आहे, बघायचा असेल तर बघा.

त्यापेक्षा भीती वाटली ती शाळेच्या चेअरमनांची. गोड माणूस. आवाज कधी चढायचा नाही. भर सकाळी आले, खुर्ची स्वतः ओढून घेतली, ठरावाबद्दल अवाक्षर काढलं नाही. उठताना म्हणाले, "नात मोठी झाली असेल ना आता? कालव्याच्या पुलावर दिसली. एकटीच होती."

ते गेल्यावर फाटकवालीनं पाणी प्यायला पेला उचलला. तो न पिताच माझ्या डोक्यावरच्या टेबलावर परत ठेवला. मला वाटलं, आता ही ठराव मागं घेणार. पण तिनं लेकीला निरोप पाठवला की उद्यापासून पिटुकलीला पुलावरून मी नेईन. पिटुकली म्हणजे ती नात. सहावं लागलेली, समोरचे दोन दात पडलेली, सदानकदा तोंडात संत्र्याची गोळी.

ठराव एका मताच्या फरकानं पास झाला.

सोडतीसाठी कारकुनानं नवा ड्रम आणला होता. आरपार दिसणारा, दांडा फिरवला की गरगर फिरणारा. म्हणाला, "बाई, सगळ्यांना आतलं दिसेल, संशयच नको." फाटकवाली म्हणाली, "दिसतं त्याला निवडताही येतं. आणि हा ड्रम रात्रभर कोणाच्या ताब्यात होता ते मला कुठं माहीत आहे? सोडत ह्याच पेटीतून होईल." लेक म्हणाली, आई, पेटी जुनी आहे, फाटकी आहे. ती ऐकेना. ह्याच पेटीनं माझं पत्र सांभाळलं, म्हणाली.

मला ते ऐकून बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. कारण फट मला माहीत होती. तिलाही माहीत होती. त्यातून कागद ओढणारी तीच. पण ठराव, मतं, पूल, पोरगी, ह्या धबडग्यात पत्रेवाल्याकडे मला नेऊन तो कोपरा झाळून घ्यायचं तिच्या डोक्यातून गेलं. तिच्या मनात ती फट म्हणजे पत्र जपणारी जागा झाली होती. तीच फट पोरीला गिळेल हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

अजून एक वाद झाला होता. पिटुकलीची चिठ्ठी टाकायची की नाही. निघाली तर लोक म्हणणार, आजीनं घोळ केला. फाटकवाली म्हणाली, ह्या वर्षी राहू दे, सात पूर्ण व्हायच्या आत पुढच्या वर्षी अजून एक संधी आहे. लेक म्हणाली, तुझी नात म्हणून तिचा हक्क कमी होतो का? आजीनं चिठ्ठीचा कागद लेकीपुढं सरकवला.

शाळेच्या मैदानात टेबल मांडलं. दोनशे छत्तीस चिठ्ठ्या, सगळ्या एकाच कागदाच्या, चार घड्यांच्या. नियम असा की आईबापांनी किंवा पोरानं आपल्या हातानं टाकायची, मधे कारकून नको. काहींनी टाकताना डोळे मिटले. एका बापानं टाकून झाल्यावर माझ्या अंगावर हळूच थोपटलं. पिटुकलीनं तिची चिठ्ठी टाकली तेव्हा ती चिकट होती, गोळीचा वास येत होता.

झाकण लावून चौघांनी मला उचलली, हलवली, उलटसुलट केली. आणि त्यात ती चिकट चिठ्ठी तळाशी घसरली, कोपऱ्यात गेली, फटीत शिरली. मला कळलं. मी पत्रा आकसून बघितला, सैल सोडून बघितला. काही उपयोग झाला नाही. पत्र्याचं कोण ऐकतं?

चिठ्ठ्या काढायला शेजारच्या गावच्या दवाखान्यातली नर्स बोलावली होती, तिचं इथं कोणी नाही म्हणून. बाह्या कोपराच्या वर, हाताला साबणाचा वास. एकेक चिठ्ठी निघाली. नाव पुकारलं की मैदानात कुठंतरी एक बाई मटकन खाली बसायची. वस्तीतली एकोणीस पोरं निघाली. टेकडीवरच्या डॉक्टरचा मुलगा निघाला, इस्त्रीवाल्याची मुलगी निघाली. साठ झाल्या. पिटुकलीचं नाव आलं नाही. फाटकवालीनं मोठा श्वास सोडला. लेकीनं तो सोडताना बघितला.

मग चेअरमन शांतपणे म्हणाले, उरलेल्या मोजा. उरायला हव्या होत्या एकशे शहात्तर. भरल्या एकशे पंचाहत्तर. दुसऱ्यांदा मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या. एक कमी.

चेअरमन म्हणाले, एक चिठ्ठी गायब म्हणजे सोडत खोटी, रद्द करा. मागून कोणीतरी ओरडलं, फाटकवालीनं खाल्ली. जिच्या पोराचं नाव आलं होतं अशी एक आई पोराला घट्ट धरून मागं मागं सरकायला लागली, जसं काही कोणी ते काढूनच नेणार होतं.

फाटकवालीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला आठवलं. ती टेबलाशी आली, बाही सरकवली, हात घातला. बोटं थेट मागच्या डाव्या कोपऱ्यात. तिथं चिठ्ठी लागली आणि ती थांबली. अंगठ्याला चिकटपणा लागला असणार. कोणाची चिठ्ठी आहे हे तिला उघडायच्या आधी कळलं, हे मी शपथेवर सांगते. हात तसाच बाहेर काढला असता, काही नाही म्हणाली असती, तरी कोणाला कळलं नसतं. पण चोर मात्र ती ठरली असती आणि सोडत मोडली असती.

तिनं चिठ्ठी बाहेर काढून नर्सच्या हातात दिली. नर्सनं नाव वाचलं.

मुख्याधिकारी साहेबांनी नियम सांगितला. ह्या एका मुलीला संधीच मिळाली नाही. तिच्या पालकांची हरकत असेल तर सोडत रद्द. नसेल तर तसं लिहून द्या, साठ नावं कायम. पुन्हा सोडत कधी, हे मात्र साहेबांना सांगता येईना, कारण चेअरमनांचा वकील कोर्टाचे कागद घेऊन मैदानातच उभा होता.

लेकीला पुढं बोलावलं. अख्खं मैदान तिच्याकडे बघत होतं. तिनं त्या साठ पोरांच्या आयांकडे बघितलं. शेजारीण होती त्यात, कारखान्यात तिच्या बाजूच्या मशीनवर बसणारी होती. इतकी वर्षं मी घाबरत आलेय, पण तेवढी भीती मला पेटत्या काडीचीही वाटली नव्हती. तिनं पेन घेतलं. दुसरी शिकलेली बाई, सही करायला वेळ लागतो. पहिलं अक्षर काढून थांबली. मग पुरी केली.

कागद देऊन ती आईसमोर आली आणि हळू आवाजात बोलली. मी टेबलावर होते म्हणून मला ऐकू आलं.

"आई, मी घरी बसले ती दुसऱ्यांमुळं. ही बसली ती तुझ्यामुळं."



त्याला आता वर्ष झालं. साठ पोरं टेकडीवर जातात. मी शाळेच्या कार्यालयात खिडकीत आहे, मला ती रोज दिसतात, धक्काबुक्की करत, डबे वाजवत. पिटुकली वस्तीतल्या शाळेत पहिली करून परत पहिलीच्याच सोडतीला बसणार आहे. तिची ही शेवटची खेप. पुढच्या महिन्यात ती सातची होईल.

मायलेकी एकाच खोलीत राहतात आणि पिटुकलीच्या तोंडून बोलतात. आजीला सांग भात झालाय. आईला सांग मला भूक नाही.

माझा कोपरा पत्रेवाल्यानं झाळला. पण जुन्या पत्र्यावर नवा जोड धरतो कुठं? गेल्या आठवड्यात नखाएवढा उचलला गेलाय. नखाएवढ्या फटीतून चार घड्यांची चिठ्ठी आरामात जाते. आणि नवा नियम असा झालाय की ज्याच्या घरचं पोर सोडतीत आहे त्यानं चिठ्ठी टाकण्यापलीकडे पेटीला हात लावायचा नाही. जिच्या बोटांना माझा कोपरा माहीत आहे, ती उद्या टेबलाभोवती बांधलेल्या दोरीच्या पलीकडे उभी असणार.

ह्या विचारानं मी आठ दिवस झोपले नाही. पेट्या झोपतात, पण मी नाही झोपले.

आणि काल संध्याकाळी लेक आली. पाठीवर पोतं. कार्यालयातल्या कारकुनापुढं तिनं ते ओतलं. कारखान्यातली दोऱ्याची रिकामी रिळं, सगळी एका मापाची, पांढरी, अडीचशे. वर्षभर जमवली होती. म्हणाली, प्रत्येक चिठ्ठी गुंडाळून एकेका रिळात घाला, रीळ काही फटीत जात नाही. कारकून म्हणाला, अहो, तुमच्या मुलीची एक घाला की, एवढी कशाला?

"कोणाचीच अडकायला नको," ती म्हणाली.

दारात फाटकवाली उभी होती. ती पुढं आली नाही. दोरीचा नियम तिनं कालपासूनच पाळला असावा. लेकीनं रिकामं पोतं घडी करून तिच्या हातात दिलं आणि पिटुकलीच्या तोंडून नाही, स्वतःच्या तोंडानं म्हणाली, "चल, अंधार पडायच्या आत पूल ओलांडू."

निघता निघता फाटकवालीनं लांबूनच माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "एवढ्या जागा करून घेईन की तुला भंगारात घालावं लागेल."

एरवी भंगार म्हटलं की माझं झाकण थरथरतं. काल थरथरलं नाही. रात्री मी हिशेब केला. दोनशे एक्केचाळीस रिळं उद्या माझ्यात पडणार. फट बुजली तरी बाहेर येणार साठच. बाकीची माझ्या पोटात राहणार, आणि त्यांना काही कोणी फटीत ढकललेलं नसणार. ती नुसती राहणार. पिटुकली त्यात असेल की नाही, मला माहीत नाही. मी अजून घाबरलेलीच आहे.

तेव्हा नर्सबाई, उद्या हात खोल घाला, चारही कोपरे चाचपा. आणि बाकीच्यांनो, तुम्हाला एकच सांगते. अशा चार शाळा बांधा की माझ्यात टाकायला एक चिठ्ठी उरू नये. मग मला खुशाल हातोड्याखाली घाला. मी आवाज करणार नाही.